काळदरीतली बंदूक

काळदरीच्या कड्यात अडकलेली एक बंदूक पावसाआधी वर काढायची, एवढ्यासाठी तिघं चांदोलीच्या जंगलात शिरले होते. दरड सुटत चालली होती. एका पावसात सगळंच खाली गेलं असतं!

पुढं भाऊसो कोयत्यानं कारवी तोडत होता. मधे वनरक्षक राजेश्वरी, खांद्यावर दोर. मागं धापा टाकत निवृत्त इन्स्पेक्टर कृष्णात. पंधरा वर्षांपूर्वी राजेश्वरीचे वडील हरिबा, तेही वनरक्षकच, याच कड्यावर गोळी लागून गेले होते. तपास कृष्णातकडे होता. त्यानं भाऊसोला संशयावरून उचललं, कोठडीत पट्ट्यानं फोडून काढलं. पुरावा मिळाला नाही, भाऊसो सुटला. पण गावानं त्यालाच खुनी ठरवून टाकलं. आता मध काढताना त्यालाच बंदूक दिसली, तेव्हा हाच भाऊसो विट्याला कृष्णातच्या दारात येऊन उभा राहिला.

"तुमीच चला, साएब. माजा हात लागला तर परत मलाच धरशिला."

कृष्णातला त्याच्याकडं बघवलं नव्हतं.

ओढ्यापाशी गव्यांचा कळप आडवा आला. थोराड नर फुसकारला, खुरानं माती उकरली. तिघं जांभळीआड श्वास रोखून राहिले. कळप वळला, तेव्हा कुठं पाय हलले.

कड्यावर भाऊसोनं अंजनीच्या बुंध्याला दोर आवळला.

"मी उतरते," राजेश्वरी म्हणाली.

"नाही पोरी. मी तेव्हाच उतरायला हवं होतं."

तेव्हा गावातल्या नाथाजीनं सांगितलं होतं, खाली वाट न्हाई साएब. कृष्णातनं वरूनच डोकावून तपास उरकला होता.

तो कमरेला दोर बांधून उतरला. कपारीत नळी दिसली. हात घातला, ओढली. गंजलेली ठासणीची बंदूक! दस्त्यावर पितळी मोर! नाथाजीच्या भिंतीवर, त्याच्या वडिलांच्या फोटोतल्या बंदुकीवर, हाच मोर होता. 'त्यांच्या मागं इकली,' असं तपासावेळी चहा पुढं करत नाथाजी बोलला होता, आणि कृष्णातनं मान डोलावली होती. नाथाजी गेल्या साली अंथरुणात सुखानं मेला.

तेवढ्यात वरून धोंडा सुटला. खालचं आग्या मोहोळ उठलं! माश्या तोंडावर तुटून पडल्या. कृष्णातचा पाय निसटला, तो गरकन फिरला.

"दोर कातळाला घासतोय!" राजेश्वरी किंचाळली.

"बंदूक टाका! दोनी हातांनी कपार धरा!" भाऊसो वरून ओरडला.

"भाऊसो, ही तुझी सुटका आहे रं!"

"आवं, तुमी मेलासा तर भाऊसोनंच दोर सोडला म्हंत्याल! टाका ती!"

कृष्णातनं मूठ उघडली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग खोल डोहात धप्प झालं. त्यानं कपार धरली, दोघांनी जीव खाऊन दोर ओढला. तो वर येऊन पालथा पडला.

सुजल्या ओठांनी त्यानं नाथाजीचं नाव सांगितलं. राजेश्वरीनं पहिल्यांदाच भाऊसोकडं नीट पाहिलं. आजवर ती भाऊसोशी एक शब्द बोलली नव्हती.

"आजच गावात उभा राहून सांगतो," कृष्णात म्हणाला. "कोर्टात टिको न टिको. मला माफ कर, भाऊसो."

भाऊसो नखानं त्याच्या मानेतले माश्यांचे काटे उपटत होता. हात थांबला नाही.

"आय गेली माजी, तवा खांद्याला चौथा माणूस मिळाला न्हाई. त्यो कुटनं आणशिला?"

राजेश्वरीनं गुपचूप भाऊसोपुढचा दोर आणि कोयता उचलला.

"उठा," भाऊसोनं कृष्णातच्या काखेत हात घातला. "उन्हं कलली. गवं पाण्यावर यायच्या आत ओढा पार करायचा हाय."