हात कुणाकडे होता

माथेरानला पांढरा शर्ट घालून जाऊ नये, हे अंजनानं मला निघतानाच सांगितलं होतं. "तिथली माती लाल असते म्हणे. कालच निळीत घातलाय, पार वाट लागेल." मी म्हटलं, जपून चालेन. मी कारखान्यात गेज, म्हणजे मापं घ्यायची साधनं, तपासतो. केसाएवढी चूक पकडायची, हे माझं सतरा वर्षांचं काम. जपून चालणं आपल्याला जमतं, असा माझा समज होता.

एक्क्याण्णवचा जानेवारी. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या घरातून आम्ही तिघं निघालो, मी, बायको अंजना आणि माझी आई गयाबाई. खरं तर ही सहल अडीच वर्षं उशिरा निघाली होती. हवा स्वच्छ असली की आमच्या गच्चीवरून बदलापूरच्या पलीकडे माथेरानचा डोंगर दिसतो. आमची मुलगी पद्मजा कठड्याला लोंबकळून विचारायची, "पप्पा, तिकडे घोडे आहेत ना? मला कधी बसवणार?" मी म्हणायचो, पावसाळा संपू दे.

त्याच पावसाळ्यात, अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये, आम्ही कोंडेश्वरच्या धबधब्यावर भिजायला गेलो. खडकावर ही गर्दी. अंजना वळून म्हणाली, "पद्मी कुठंय? मला वाटलं तुमच्याकडे आहे." आणि मी म्हटलं, "मला वाटलं तुझ्याकडे." ती दुसऱ्या दिवशी डोहात सापडली. सहा वर्षांची होती. तिचा हात कुणाकडे होता, हे त्यानंतर आम्ही एकमेकांना कधीच विचारलं नाही. शेजारी बसून जेवलो, एका छपराखाली झोपलो, पण तेवढं विचारलं नाही.

आमच्यात पिंड नाही, कावळा नाही. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हा देव्हारा, अंगारे-धुपारे, भुतंखेतं सगळं मागे टाकलं. पद्मजासाठी विहारात पुण्यानुमोदन झालं, भन्ते दोन शब्द बोलले, लोक चहा घेऊन घरी गेले. मला ते बरोबर वाटलं होतं. मेलेलं माणूस मेलेलं असतं.

नेरळला अंजना बायकांच्या रांगेत उभी राहून तिकिटं घेऊन आली. जाऊन-येऊन अशी चार होती. तीन पूर्ण आणि एक अर्धं.

"हे काय?"

तिनं तिकिटांकडे पाहिलं. "तोंडातून निघून गेलं."

मी परत करायला निघालो, तर तिनं माझी बाही धरली. "राहू द्या ना." मग मीही राहू दिलं. एका अर्ध्या तिकिटावरून बायकोला रडवण्यात काय शहाणपण?

छोट्या गाडीत आमच्यासमोर उल्हासनगर कॅम्प एकचं सिंधी कुटुंब होतं. जुम्मापट्टी स्टेशन गेल्यावर त्यांच्यातल्या बाईंनी डबा उघडला आणि आम्हालाही पापड दिले. सिंधी माणूस पाणी देईल तर पापडाशिवाय नाही. माझ्या हातात चार आले.

"हम तीन हैं," मी एक परत करत म्हटलं.

"बेबी को नहीं दोगे क्या?" बाई हसल्या आणि माझ्या शेजारी बघू लागल्या.

शेजारची जागा रिकामी होती. डब्यात माणसं दाटीवाटीनं उभी होती, तरी नेरळपासून तिथं कुणीच बसलं नव्हतं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

माथेरानला उतरलं की नगरपालिकेच्या खिडकीत माणशी प्रवेशकराची पावती फाडतात. कारकुनानं मान वर करून पाहिलं आणि तीन मोठ्या, एक लहान अशा पावत्या फाडल्या.

"लहान कुणी नाही आमच्यात," मी म्हटलं.

"साहेब, लहान सगळेच लपवतात," तो कंटाळून म्हणाला. "पण निदान पाठीमागे तरी लपवायचं. खिडकीत उभं करून 'नाही' काय म्हणता?"

खिडकीसमोर मी एकटा उभा होतो.

स्टेशनाबाहेर हिंदुराव नावाचा घोडेवाला मागे लागला. अंजनानं माझ्याकडे न बघताच घोडा ठरवला. कुणाला बसायचंय, असं मी विचारलं. ती खोगिरावरची धूळ झटकत राहिली. हिंदुरावनं तर विचारलंही नाही. त्यानं खोगिराचे पट्टे सोडून पाय ठेवायच्या रिकिबी वर घेतल्या, मान तिरकी करून पाहिलं आणि पुन्हा एक भोक खाली सोडल्या. "आता पोचतोय पाय," तो म्हणाला आणि लगाम धरून चालू लागला.

माझी नजर मापाची आहे. त्या रिकिबी सहा वर्षांच्या मुलीच्या पायाच्या नव्हत्या. आठ-साडेआठ वर्षांच्या होत्या. पद्मजा असती, तर आज तेवढी असती.

रिकामा घोडा पुढे, खोगिराला हात लावून अंजना, मागे आई आणि मी, अशी आमची वरात लाल वाटेनं निघाली. वर झाडांची दाट सावली, घोड्याच्या घामाचा वास, दुकानांतून येणारा गुळाच्या चिक्कीचा वास. अंजना हळू आवाजात काहीतरी दाखवत होती. ते बघ माकड, ती बघ दरी. मध्येच ती हसली. अडीच वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, मला तिचा हेवा वाटला.

आई खोगिराकडे बघून म्हणाली, "नीट धर गं बाय. पडशीला."

माझं डोकंच फिरलं. "आई, आपण सोडलंय ना हे सगळं?"

"सोडलं की," आई चालत चालत म्हणाली. "द्येव सोडला, देवी सोडली. पोर न्हाई सोडली, धर्मराजा."

त्यानंतर मी दिवसभर त्यांच्यापासून चार पावलं मागे राहिलो. मनात एकेकाचा हिशेब लावला. सिंधी बाई चुकल्या. कारकून हुशारी करत होता. बायकोचं आणि आईचं दुःख एकमेकींना लागलं, घरात ताप लागतो तसं. सगळ्याला कारण सापडलं. रिकिबींना तेवढं सापडलं नाही. मी मागून चालत होतो आणि चालता चालता दोन-तीनदा उगाचच सावकाश झालो, कुणीतरी माझ्या पावलाला पाऊल मिळवू बघतंय असं वाटून.

परतीची गाडी दुपारी उशिरा होती. अंजना आईला धरून आधी चढली. मी दाराशी तिकिटं दाखवली.

"तीन मोठे, एक हाफ," गार्ड म्हणाला. "हाफला आधी चढवा."

अंजना आतून माझ्याकडे बघत होती. तिनं नुसती मान हलवली. चढवा, एवढंच मागत होती ती. एकदा खाली वाकायचं होतं आणि हवेतल्या हवेत हात वर उचलायचे होते. कुणाच्या बापाचं काय जात होतं?

"हाफ कुणी नाही," मी सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणालो. "आम्ही तिघंच आहोत. आमची मुलगी वारली."

गार्डानं तिकिटं परत दिली. शिट्टी वाजली. मी पाय वर ठेवला, तर शर्ट मागे कशाला तरी अडकला. मी झटका देऊन सोडवून घेतला आणि दार लावलं.

गाडी हलली.

सिंधी बाई याही डब्यात होत्या. "बेबी किधर है?" त्यांनी विचारलं. आणि स्वतःच खिडकीतून मागे पाहिलं. मग घाईनं मान आत घेतली आणि पदर डोक्यावर ओढून बसल्या.

अंजनाचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते.

"तिचा हात तुमच्याकडे होता ना?" तिनं विचारलं.

अडीच वर्षांनी विचारलं.

"मला वाटलं तुझ्याकडे," मी म्हणालो.

ती गाडी चालत्या माणसानं गाठावी इतकी हळू जाते. लोक उतरून काकड्या घेतात आणि पुन्हा चढतात. कोंडेश्वरला मी कपड्यांसकट उडी मारली होती. इथं मी जागचा हललो नाही.

घरी येऊन शर्ट काढला. पुढून स्वच्छ होता. मागच्या बाजूला, डावीकडे, कमरेखाली लाल माती होती. चार बोटं आणि कापडाच्या आतल्या अंगाला अंगठा. मी खणातून स्टीलची पट्टी काढून मोजलं. मूठ साडेपाच सेंटिमीटर रुंद होती.

"डाग पडला का हो?" मोरीतून अंजनानं विचारलं. "द्या, भिजत घालते."

"नाही पडला," मी म्हटलं.

बोटांचे चार फराटे खाली ओढत गेले होते, शर्टाच्या अगदी काठापर्यंत.