नेवाच्या बर्फावरचे साठ घोडे

ही हकिकत मी आजवर सात गावांत सांगितली आणि सातही गावांत लोक माझ्या तोंडावर हसले. तुम्हीही हसाल, कारण पृथ्वीच्या सहाव्या हिश्शावर हुकूमत गाजवणारं, तीनशे वर्षं एकाच घराण्याच्या बुडाखाली असलेलं रशियाचं तख्त एका नालबंदाच्या दोन बादल्यांत मावेल एवढ्या लोखंडानं डळमळलं, हे कोण शहाणा मानेल? नका मानू. ऐका मात्र.

सन एकोणीसशे सतराचा हिवाळा सरता सरत नव्हता. पेट्रोग्राड राजधानीवर फटफटत होतं. नेवा नदी या काठापासून त्या काठापर्यंत गोठून दगड झालेली, किल्ल्याचा सोनेरी कळस धुक्यात भाल्यासारखा उभा, आणि थंडी अशी, की पहाऱ्यावरचा शिपाई मिशी मोडेल या भयानं जांभई देत नव्हता. त्या वेळी डॉन नदीकाठाहून राजधानीत आणलेल्या कोझॅक स्वारांच्या पागेत नालबंद ट्रोफिम कार्पोविच एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसला होता.

तो थकला होता. सगळं राज्यच थकलं होतं. लढाईचं तिसरं वर्ष. शेतकऱ्यांची लाखो पोरं सरहद्दीवर मातीला मिळालेली. कोठारांत धान्य असून ते आणायला आगगाड्या नाहीत, म्हणून राजधानीत पाव नाही. प्रजेनं निवडलेली सभा बोलवायची आणि तिनं तोंड उघडलं की बरखास्त करायची, हा दरबारचा शिरस्ता. आणि खुद्द बादशहा सेनापतीपण अंगावर घेऊन दूर छावणीत जाऊन बसलेला, त्यामुळे हरेक पराभव थेट त्याच्याच नावावर चढत होता. पलीकडच्या काठावर गिरण्यांच्या वस्तीत बायका पावासाठी उभ्या राहत, आणि दुपारी दुकानदार दार लावून घेई. दोन दिवसांपूर्वी त्या बायका कामं टाकून रस्त्यावर आल्या होत्या. पोलिसांनी पूल अडवले, तेव्हा त्या सरळ गोठलेल्या नदीवर उतरल्या.

म्हणून काल पथकाचा सरदार ग्लेब आर्सेन्येविच पागेत आला होता. उंच, देखणा, जुन्या घराण्यातला, शब्दाचा पक्का. म्हणाला होता, "ट्रोफिम कार्पोविच, उद्या नदीवर उतरायचं आहे. साठही घोड्यांच्या आणि माझ्या करड्याच्या नालांना काटे बसव. दौड काटकोनात वळली तरी पाय निसटता कामा नये."

हे काटे म्हणजे बर्फावर पाय धरावा म्हणून नालेत पिळून बसवायची पोलादी टोकं. प्रत्येक नालेत चार.

ट्रोफिमनं ते टोक एकदा पाहिलं होतं, काय करतं ते. बारा वर्षांपूर्वी याच शहरात, अशाच थंडीत, जानेवारीत, लोक सणासुदीचे कपडे घालून, देवाच्या तसबिरी धरून, बादशहाकडे अर्ज घेऊन निघाले होते, आणि त्यांच्यावर गोळ्या झाडून घोडे घातले गेले होते. ट्रोफिम तेव्हा स्वार होता. संध्याकाळी घोड्याचा खूर साफ करताना काट्यांच्या मध्ये त्याला एक शिंगाची फणी सापडली. तिच्यात बाईचे लांब केस गुंतलेले होते. दुसऱ्या दिवशी त्यानं तलवार जमा केली आणि नालबंदीचं काम मागून घेतलं. वाटलं, सुटलो. सुटला कुठला? आता साठ घोड्यांचे काटे त्याच्याच हातून बसणार होते.

ते त्यानं बसवले नाहीत. मेणात काजळी कालवून त्यानं नालांची भोकं बुजवली. वरून पाहणाऱ्याला काळं टोक दिसावं इतकी बेमालूम. एकट्यानं, साठ घोडे, बिगूल व्हायच्या आत! सापडला तर भिंतीपुढे उभं करून गोळी, हे त्याला पाठ होतं. फक्त सरदाराच्या करड्या घोड्याला त्यानं खरे काटे लावले.

बिगूल झाला. सरदार आला, चाबकानं बूट झटकत.

"तयारी?"

"हुजुरांनी स्वतः पाहावं."

सरदारानं आपल्याच घोड्याचा खूर उचलला, काट्यावर अंगठा दाबला, आणि रक्ताचा थेंब पाहून समाधानानं मान हलवली. दुसऱ्याच्या घोड्याला हात लावणं त्याच्या कुळाला शोभणारं नव्हतं. ट्रोफिमनं सगळा जुगार या गर्वावरच लावला होता.

रस्त्यावरचा बर्फ भुसभुशीत; तिथं घोडे ठीक चालले. ट्रोफिम हत्यारांची पेटी घेऊन मागून पायी निघाला. काठाच्या दगडी उतरणीवरून पथक खाली आलं, तेव्हा समोर नदीभर माणसं होती, आणि सगळ्यांत पुढे सूतगिरणीतली अग्राफेना, खांद्यावर शाल, हातात काहीच नाही.

"भाले पुढे! दौड!" सरदार गरजला, आणि करड्या घोड्याला टाच मारली.

करडा सुटला. मागचे साठ घोडे दोन पावलं गेले, आणि मग एकाचे पुढचे पाय पूर्वेला, मागचे पश्चिमेला. दुसरा कुत्र्यासारखा बसला. तिसरा बसल्या बसल्याच चौथ्याला जाऊन धडकला. आता कोझॅकाची एक रीत लक्षात घ्या. त्याचा घोडा सरकारी नसतो. बापानं गाय-बैल विकून घेऊन दिलेला, घरचा असतो. भाला हरवला तर दुसरा मिळतो, घोड्याचा पाय मोडला तर घरी तोंड दाखवता येत नाही. साठच्या साठ स्वारांनी भाले टाकले, खाली उड्या मारल्या आणि आपापल्या घोड्याच्या गळ्याला मिठी घातली. ट्रोफिमला हेच हवं होतं.

मग अग्राफेना हसली.

"अरे बाबांनो, आम्हाला तुडवायला आलात की घोड्यांना मांडीवर घ्यायला?"

"मावशी, हसतेस काय, हात लाव!" एक तरणा स्वार कळवळून ओरडला. "पोटाखाली शाल घाल, शाल!"

"एकच आहे माझी!"

"डॉनला ये, दोन देईन!"

बायका धावल्या. शाली पोटाखाली घालून, शेपट्या धरून, एकमेकींना शिव्या देत त्यांनी घोडे उभे केले. एका धिप्पाड बाईनं तर एकटीनं घोडा उचलून काठावर नेऊन ठेवला! आणि ज्या स्वाराच्या घोड्याला बाईनं हात देऊन उभं केलं, तो स्वार त्या बाईवर पुन्हा भाला उगारील काय?

इकडे सरदार एकटाच गर्दीच्या पोटात शिरला होता. वळून पाहतो तो मागे कुणी नाही. गिरणीकामगारांनी लगाम धरला, कुणी त्याला खाली ओढायला पायाला हात घातला. तेव्हा ट्रोफिम गर्दीतून वाट काढत पोचला.

"सोडा त्याला," तो म्हणाला. "आज कुणी मेलेलं नाही. असंच राहू द्या."

त्यानं करड्याचा लगाम धरला आणि घोडा चालवत काठाखाली, दगडी भिंतीच्या आडोशाला आणला. तिथं दोघेच होते. सरदार उतरला. त्यानं करड्याचा खूर उचलून पाहिला, मग वाटेत पडलेला एक मेणाचा काळा गोळा पाहिला, आणि त्याला सगळं उमजलं.

"माझ्याच घोड्याला काटे का ठेवलेस?"

"हुजूर तपासणार, हे ठाऊक होतं."

"मी एकटा त्यांच्यात जाईन, हेही ठाऊक होतं?"

"होय. म्हणूनच आलो मागून."

"माझा जीव वाचवलास. त्याबद्दल मी ऋणी आहे." सरदाराचा आवाज विझलेला होता. "पण मी बादशहाचं मीठ खाल्लं आहे, ट्रोफिम कार्पोविच. तुझ्यासारख्याला जिवंत सोडलं, तर उद्या माझ्या शब्दाला काय अर्थ?"

"हुजुरांनी हुजुरांचं काम करावं. मी फार थकलोय." असं म्हणून ट्रोफिम पाठ फिरवून चालू लागला. सरदारानं कोटाच्या आतून, छातीशी ठेवलेलं पिस्तूल काढलं. अंतर वीस पावलं.

पुढचं जगाला ठाऊक आहे. दोन दिवसांनी पायदळाच्या पलटणी फुटल्या, शस्त्रागाराची दारं उघडली. बादशहा राजधानीकडे निघाला तर त्याची गाडी वाट अडल्यानं भलतीकडेच भटकत राहिली, आणि शेवटी सेनापतींनीच त्याला विनवलं की महाराज, आता तख्तावरून उतरा. आगगाडीच्या डब्यात सही झाली. तख्त गेलं.

आणि ट्रोफिम? अहो, थंडीनं सरदाराचं पिस्तूल गोठलं! चाप ओढला, पण ठिणगीच पडेना. ट्रोफिम चालतच राहिला. चालत चालत डॉनकाठी आपल्या घरी पोचला, तेव्हा दारापुढची सफरचंदाची झाडं फुलली होती, आणि पुढे म्हातारपणी...

"तात्या, पुरे." रिसाल्यात तीस वर्षं काढून आलेले हैबतराव श्रोत्यांतून म्हणाले. "एकट्यानं साठ घोडे केले, मानलं. बाईनं घोडा उचलला, तेही मानलं. पण छातीशी उबेत ठेवलेलं पिस्तूल गोठत नाही. तुम्ही खोटं बोलताय. तो माणूस तिथंच पडला."