शेवटची सिटिंग

खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडावर दिवा वळवला, आणि माझ्या हातातला आरसा पडता पडता राहिला. अगंबाई, हा तर पुतळा!

दर रविवारी विहारात ध्यानाला माझ्या शेजारच्या आसनावर बसणारा. तिथे मौन असतं, म्हणून ओळख नाही. हा ढिम्म हलत नाही, म्हणून नाव मीच ठेवलेलं. मी विहारात जायला लागले ती भीतीपायी. मनातलं बोलायची वेळ आली की पोटात गोळा येतो. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडते, पण स्वतःचं उघडत नाही! आणि शेजारी हा शांत... रागच यायचा मेला.

आणि आता पुतळा चक्क थरथरत होता.

"तिथे तर दगडासारखे बसता की हो!"

"तिथे कुणी ड्रिल घेऊन येत नाही, डॉक्टर."

हसू दाबत मी विहारातल्या भंतेजींचंच वाक्य ढापलं. "भीती वाटते असं म्हणू नका. अंगात काय होतंय, तेवढंच बघा. आणि सांगा."

"छातीत... धडधड. हात गार. आणि—" त्याने डोळे किलकिले केले, "मास्कमागे कुणीतरी हसतंय."

"आ करा!"

रूट कॅनाल सुरू झालं. तोंडात कापूस कोंबला तरी गडी गप्प बसेना. "उढची ऐठक अधी?" म्हणाला एकदा.

"बैठक विहारात. इथे सिटिंग!" मी दटावलं.

रिसेप्शनवर बसणारी माझी मावशी खुदकन हसली. "अगं, दोन्हीकडे त्याला तुझ्याच शेजारी बसायचंय ना!" माझे कान तापले.

मग एके दुपारी, शेवटच्या सिटिंगला, दातावर कॅपही बसली.

"चावून बघा... झालं. आता यायची गरज नाही."

बोलून गेले, आणि तोच जुना गोळा पोटात. रविवारी दिसेल, पण पुन्हा तेच मौन. आज बोलले नाही, तर हा कायमचा शेजारचा पुतळाच राहणार. तो दारापाशी पोचलासुद्धा.

"थांबा... मला भीती वाटतेय."

तो वळला. हळूच म्हणाला, "असं म्हणू नका. अंगात काय होतंय, तेवढंच सांगा."

"छातीत धडधड. हात गार."

"आणि?"

धडधड थांबेल म्हणून मी वाट पाहिली. थांबली नाही. भंतेजी इतके दिवस जे सांगत होते, ते तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. भीती जावीच लागते असं नाही. तिला बसू द्यावं बाजूला, आणि आपण आपलं काम करावं.

मी मास्क खाली ओढला.

"आणि... तुम्ही जाऊ नये असं वाटतंय."

पुतळा क्षणभर खरंच पुतळा झाला. मग गुपचूप येऊन पुन्हा खुर्चीत बसला.

"आ करू?"

"नको," मी म्हणाले. "आज मी बोलणार आहे."