सव्वाआठ हजार किलोमीटर

विमान सुटायला अजून चाळीस मिनिटं आहेत. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

तीन आठवड्यांपूर्वी बाबा याच विमानानं ताईकडे जाणार होते. अंतर सव्वाआठ हजार किलोमीटर, वेळ साडेदहा तास. बाबांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेलेली. आकडा ऐकून म्हणाले, "कुठून कुठपर्यंत मोजलंय? दारापासून दारापर्यंतचं सांग."

निघायच्या दिवशी सकाळी पावणेनऊला दाढी करताना ते आरशासमोरच खाली बसले. शेजारच्या डॉक्टरबाई धावत आल्या. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि नुसती मान हलवली. आम्ही दोघांनी बाबांना पलंगावर ठेवलं. एका गालावर साबण तसाच होता.

ताईला कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत मी बसलो होतो. सव्वानऊला तिचाच फोन आला.

"अरे, बाबा आधीच्या विमानानं आले आणि तू कळवलंही नाहीस? दार उघडलं तर समोर उभे. दाढीसुद्धा अर्धीच केलीय. एवढी कसली घाई होती त्यांना?"

मी पलंगाकडे पाहिलं. बाबा तिथेच होते.

"ताई... बाबा इथे आहेत. अर्ध्या तासापूर्वी गेले."

तिच्या मागे कुणीतरी खोकलं. आधी दोनदा आखूड, मग एकदा लांब. तो खोकला मी जन्मभर भिंतीपलीकडून ऐकलाय.

"ऐकलंस?" ती हळूच म्हणाली.

"तू आत्ताच्या आत्ता निघून ये."

तासाभरानं तिनं परत फोन केला. "मी नाही येत. त्यांना इथे एकटं टाकून कशी येऊ? त्यांना अजून माहीत नाही रे..."

सगळं मी एकट्यानं उरकलं. तिचा रागही आला. दुःखानं तिचं डोकं ठिकाणावर नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण रोज फोनवर तो खोकला यायचा. 'त्यांच्याकडे दे' म्हणायची हिंमत मला एकदाही झाली नाही.

ती सांगायची, बाबा जेवत नाहीत, झोपत नाहीत, खुर्चीत बसून असतात. रोज सकाळी एकच विचारतात, घरी जायला किती वेळ लागेल? ती म्हणायची, आज विमान रद्द झालंय. तिनं आधी रजा टाकली, मग नोकरीच सोडली.

आज सकाळी तिचा आवाज अगदी शांत होता.

"आज त्यांनी विचारलं नाही. उठून माझी बॅग भरायला घेतलीय."

"तू घराबाहेर पड. शेजारी जाऊन बस. मी निघतोय."

"त्यांना वाईट वाटेल."

"कुठे जायचं म्हणतात?"

"ते सांगत नाहीत. मी बॅगेत स्वेटर ठेवला होता. तो त्यांनी घडी घालून कपाटात ठेवून दिला... म्हणाले, तिथे तुला थंडी वाजायची नाही."