चौऱ्याण्णव किलो

ट्रॅक्टरचा लोडर जास्त वजन उचलत नाही म्हणून लोक माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते: दाबाच्या व्हॉल्व्हचा स्क्रू थोडा आवळून द्या. मी देत नाही. मग ते दुसऱ्याकडे जातात, तो आवळून देतो, आणि थोड्याच दिवसांत फुटलेला पाइप हातात घेऊन माझ्याच दारात उभे राहतात. हायड्रॉलिकच्या कामात बावीस वर्षं काढल्यावर माझा स्वभाव खडूस झालाय, हे मला मान्य आहे. बायकोला तर केव्हाचंच मान्य आहे.

वहिनीला मात्र नाही म्हणता येईना. दादा जाऊन आठ महिने झाले होते. माझा थोरला भाऊ झोपेतच गेला, कुणाला हाकसुद्धा न मारता. दोघांची झाडांची नर्सरी. वाढलेली झाडं मातीच्या गड्ड्यासकट काढायची आणि दुसऱ्याच्या बागेत नेऊन लावायची, हे त्यांचं काम. आता ट्रॅक्टर वहिनी एकटीच चालवत होती. पुढचा लोडर सहाशे किलो उचलायचा आणि या वेळचे गड्डे होते साडेसहाशेचे.

काम तसं सरळ होतं. जाड पाइप बसवले तर त्या लोडरला दीडशे बारऐवजी पावणेदोनशे बार दाब चालतो, असं त्याच्या पुस्तकातच लिहिलेलं. मी पाइप बदलले, सिलिंडरची सीलं बदलली, पिना तपासल्या आणि दाबाचा मीटर लावून स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत काटा पावणेदोनशेवर आणला. सातशे किलोची ताकद आली. राहिलं मागचं वजन. पुढे ताकद वाढवली आणि मागे वजन टांगलं नाही, तर मागची चाकं सुटतात आणि ट्रॅक्टर कुशीवर जातो. चालवणारा त्याच्याखाली सापडतो.

आमच्या घरात मागचं वजन म्हणजे दादा. गड्डा जड असला की वहिनी सीटवर बसायची आणि हा मागच्या लोखंडी पट्टीवर जाऊन उभा राहायचा. पोटावरून हात फिरवत म्हणायचा, खाल्लेलं कुठेतरी कामी यायला हवं. माणूस म्हणजे वजन नव्हे, घसरलास तर चाकाखाली जाशील, हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल. तो गप ऐकून घ्यायचा आणि पुन्हा चढायचा. त्याच्या बुटांनी ती पट्टी गुळगुळीत झाली होती.

म्हणून मी काँक्रीट भरलेली पाचशे किलोची पेटी करून आणली. वहिनीला ती नको होती. ओळी अरुंद आहेत, वळताना रोपं मोडतील, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, पेटीशिवाय काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघ. तिला लांब उभं केलं, स्वतः बसून पट्टा बांधला आणि साडेसहाशेचा गड्डा वीतभर उचलला.

मागची चाकं हलकी व्हायला हवी होती. ते सीटखाली कळतं, जमीन सुटल्यासारखं वाटतं. मला काहीच वाटलं नाही. ट्रॅक्टर किंचित पुढे-मागे केला, ब्रेक दाबला. मागचा भाग जरासुद्धा उचलला नाही. वळून पाहिलं तर मागचे टायर खाली चांगले फुगून बसलेले.

हिशोब चुकला की माझं डोकं फिरतं. नर्सरीत खताच्या गाड्या मोजायचा वजनकाटा होता. गड्डा तसाच उचललेला ठेवून मी फक्त मागची चाकं काट्यावर घेतली. माझ्या कागदावरच्या आकड्यापेक्षा एकशे एक्केचाळीस किलो जास्त भरलं. काटा रिकामा करून शून्य तपासलं, पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे एक्केचाळीस. पट्टी मोकळी होती. दुपारचं ऊन सरळ तिच्यावर पडलं होतं.

चाकांच्या मागे टांगलेलं वजन चाकांवर स्वतःपेक्षा जास्त भरतं. या ट्रॅक्टरच्या पट्टीवरून ते दीडपट भरतं. मी खडूनं जमिनीवर भागाकार मांडला.

"चौऱ्याण्णव," मी म्हणालो.

वहिनी वाकून आकडा बघत राहिली. मग हसली. आठ महिन्यांत तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

"दोन किलो उतरले की," ती म्हणाली. "डॉक्टर जीव तोडून सांगत होते, तेव्हा नाही ऐकलं."

नंतर तिनं सगळं सांगितलं. पहिल्या आठवड्यापासून तिला माहीत होतं. ती सीटवर बसली की पाठोपाठ ट्रॅक्टर मागून जरासा दबायचा, कुणी चढल्यावर दबतो तसा. घरात असं काही नव्हतं, फक्त इथेच. म्हणून ती सकाळी तासभर लवकर यायची आणि काम नसलं तरी ओळींतून एक चक्कर मारायची. पेटी बसणार होती ती नेमकी पट्टीच्या जागेवर. रोपांचं कारण तिनं उगाच पुढे केलं होतं.

"ह्यांना काम आहे तोवर हे आहेत, भाऊजी."

मला भीती वाटली, पण ती दादाची नव्हे. मोजता येतं पण बांधून ठेवता येत नाही, अशा वजनाच्या भरवशावर ती रोज साडेसहाशे किलो उचलणार होती.

"वहिनी, दादा एकदा न सांगता गेलाय."

ती शेडमध्ये गेली आणि पेटीच्या पिना स्वतः घेऊन आली.

गड्डा खाली ठेवला. पट्टी सोडवली. पेटी जागेवर आणली.

पिन जाईना. ट्रॅक्टरकडचं भोक नखभर खाली राहत होतं. जमीन सपाट होती, टायरची हवा सकाळीच मोजली होती.

"तुम्हीच सांगा," वहिनी म्हणाली. "माझं ऐकायचे नाहीत."

मी आजूबाजूला पाहिलं. मला लाज वाटत होती.

"दादा, उतर आता," मी म्हणालो. "तिला काही होणार नाही. मी बघतो."

ट्रॅक्टर नखभर वर आला.

पिन आत गेली.

पुन्हा वजन केलं. पेटीचं जेवढं भरायला हवं तेवढंच भरलं, किलोभरही जास्त नाही. वहिनीनं आकडा वाचला, गड्डा उचलला आणि एकही रोप न मोडता ओळीतून वळवून नेला. मी शेडच्या मागे जाऊन रडलो. दादा गेला त्या दिवशी इतरांचं बघता बघता ते राहूनच गेलं होतं.

संध्याकाळी निघालो. सकाळी परत येऊन नट आवळायचे होते, म्हणून हत्यारं तिथेच ठेवली आणि रिकामी स्कूटर घेतली. फाटकाशी दिवा लावला. उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्या झाडांच्या शेंड्यांवर पडला.

उतरून मागचं चाक दाबून पाहिलं. हवा ठीक होती. मी उतरलो होतो, तरी सीटचा मागचा भाग दबलेलाच होता.

घरापर्यंत मी गाडी तीसच्या वर नेली नाही.