फक्कीच्या घराला दार

तुम्हीच ती गल्ली खाल्लीत, साहेब. वरच्या मजल्यावर गार हवेत बसून, नकाशावर लाल पेन्सिलीची एक रेघ ओढलीत आणि मोकळे झालात. वर पुन्हा फलक लावलात, 'सर्वांना जोडणारी हिरवी वसाहत'! लाज नाही वाटली? त्या रेघेनं दोघांचा जीव कसा टांगणीला लागला, ते ऐकाच आता.

माळावर अजून घरं नव्हतीच. होती नुसती फक्की, चुन्याची पांढरी भुकटी. ती मारणारी मोजणीवाली उन्हानं रापलेली, कोपरापर्यंत पांढरी, आणि जिभेला धार. घरं, झाडांच्या जागा, पाणी मुरवायचे खड्डे आणि मधून जुन्या वस्तीकडे जाणारी गल्ली... सगळं ती खऱ्या मापात जमिनीवर उतरवायची. त्या जुन्या वस्तीत तिची आई राहायची.

पहिल्याच दिवशी एकजण नकाशांची गुंडाळी काखेत मारून तिच्या ताज्या रेघेवरून सरळ चालत आला.

"अहो! भिंतीतून कुठे घुसताय? भूत आहात का?"

तो दचकला. मुकाट मागे फिरला, वळसा घालून दाराच्या जागी उभा राहिला आणि बोटानं हवेतच बेल दाबली.

"ट्रिंग... आहे का कोणी घरात?"

"चपला बाहेर काढा," ती म्हणाली, आणि हसू लपवायला खाली वाकली.

हा वसाहतीचा नकाशेवाला. गल्ली त्याच्याच डोक्यातली. नव्या घरांतल्या पोरांना जुन्या वस्तीतली शाळा चालत गाठता यावी, वस्तीतल्या म्हाताऱ्यांना नव्या बागेतली सावली मिळावी, आणि गाडी कुणालाच काढावी लागू नये. त्या दिवसापासून तो रोज बेल वाजवायचा आणि ती रोज दार उघडायची. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

काल मात्र कोपऱ्यातल्या घराच्या स्वयंपाकघरात, म्हणजे चार पांढऱ्या रेघांत, तो अडखळला.

"इथे... म्हणजे या घरात... माझ्यासोबत राहशील?"

"उद्या सांगते." नाकावर चुना, कानशिलं लाल.

आज उत्तर ओठांवर घेऊन ती उभी होती. तो आला, पण बेल वाजली नाही. त्यानं नवा नकाशा पुढे केला. गल्लीच्या तोंडावर आडवी लाल रेघ.

"भिंत," तो म्हणाला. "साहेबांचा हुकूम. म्हणतात, वस्तीतली माणसं आत-बाहेर करायला लागली तर घरं घेणार कोण? आत्ताच रेघ मारायची आहे. दगडसुद्धा आलेत."

रस्त्यावर ट्रक उभा होता. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता.

"आणि तू काय म्हणालास?"

"मी... बघू म्हणालो."

"बघू? अरे, मुलगी बघायला गेला होतास का?"

तो हसला नाही. "नोकरी जाईल गं. मग कसलं घर नि कसलं काय..."

तिनं घमेलं उचललं आणि गल्लीत आडवी रेघ मारली. सरळ, जाड. मग ती ओलांडून वस्तीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"माझं उत्तर 'हो' आहे. राहीन तुझ्यासोबत. आता ये इकडे."

त्यानं पाऊल उचललं... आणि तसंच मागे घेतलं. चुन्याचीच तर रेघ. पण ओलांडवेना.

"काय रे, आज खरी वाटली ना भिंत? उद्या माझी आई नातवाला भेटायला निघाली, तर तिनं बेल कुठे वाजवायची?"

"नातवाला...?"

"लाजू नंतर. आधी साहेबांशी बोल."

त्यानं बुटानं रेघ घासली. पुन्हा घासली. पार पुसून टाकली, आणि तिच्या बाजूला येऊन खिशातून फोन काढला.

"साहेब, गल्ली राहणार. गल्ली नसलेल्या नकाशावर माझी सही मिळणार नाही. नोकरी घ्या हवी तर."

पलीकडे नुसता श्वास. ट्रकचा हॉर्न. तिनं आपला पांढरा हात हळूच त्याच्या हातात सरकवला. त्यानं तो घट्ट धरला.

"गप्प का झालात, साहेब? आम्ही दोघं गल्लीतच उभे आहोत. भिंत घालणार की नाही? उत्तर द्या."