पिसारेसाहेबांची हकालपट्टी

“सात! आज सातच आहेत!” संकेतनं काचेला नाक चिकटवून जाहीर केलं.

“मागच्या आठवड्यात आठ होते. नीट मोजलेस ना? एका जागी थांबतात कुठे ते!” पूर्वा म्हणाली.

“तीनदा मोजले, यार! जुई, लिही.”

जुईनं वहीत लिहिलं : सोमवार, सात.

सुटी लागली होती. बाहेर लखनौची भाजणारी लू अशी वाहत होती, की दुपारी महानगर मोहल्ल्याच्या गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. संकेत आणि जुई ही भावंडं वरच्या मजल्यावर राहत. त्यांची आतेबहीण पूर्वा शहरातल्याच ‘वृंदावन योजना’ वसाहतीतून महिनाभर राहायला आली होती. तिघांचा मुक्काम मात्र खाली, मधुकाकांच्या बैठकीत. तिथे कूलर होता, वासंतीकाकूंचं पन्हं होतं आणि समुद्र होता!

मधुकाका मूळचे मालवणचे. रेल्वेत इंजिनिअर म्हणून लखनौला आले आणि इथेच निवृत्त झाले. इथून समुद्र फार लांब. म्हणून त्यांनी खास मीठ मोजून पाण्यात विरघळवलं आणि बैठकीच्या भिंतीशी काचेच्या टाकीत स्वतःपुरता समुद्र तयार केला. त्यात क्रोमिस जातीचे नऊ निळे-हिरवे मासे सोडले. बोटाएवढे मासे, पण एकत्र वळले, की नऊ चिमुकले आरसे एकदम चमकल्यासारखे वाटत.

आणि त्यांच्या जोडीला एक लायनफिश. छोट्या जातीचा, मुठीएवढा, पण रुबाब केवढा! अंगावर तांबडे पट्टे, दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरलेले पर, पाठीवर विषारी काटे. दिवसभर खडकाच्या कपारीत बसायचा आणि मधूनच टाकीभर फेरी मारून यायचा. काका त्याला ‘पिसारेसाहेब’ म्हणत.

आता नऊपैकी दोन मासे गायब झाले होते. प्रेत नाही, काटा नाही, काही नाही!

“चोर तर समोरच बसलाय,” संकेत साहेबांकडे बोट दाखवत म्हणाला. “शक्ल ही देखो!”

“अरे, मी त्याला रोज काडीनं कोळंबी भरवतो,” काका हळूच म्हणाले. “त्याचं पोट भरलेलं असतं.”

“अहो, मांजराला दूध पाजलं म्हणून ते उंदीर सोडतं का?” काकू आतून म्हणाल्या.

काका गप्प बसले. ते नेहमीच लवकर गप्प बसत.

दुसऱ्या दिवशी जुई टाकीसमोर एकटीच होती. बाकीची दोघं आत आंबे चोखत होती. साहेब कपारीत डोळे उघडे ठेवूनच झोपल्यासारखे स्वस्थ होते. तेवढ्यात थव्यातला सगळ्यात धष्टपुष्ट मासा, ज्याला मुलं दांडगोबा म्हणत, एका बारक्या मासळीच्या अंगावर धावून गेला. तिला खडकामागे रेटलं. ती बाहेर आली, पुन्हा रेटलं! तिची शेपटी झालरीसारखी फाटली होती.

एवढ्यात साहेब कपारीतून बाहेर निघाले. आणि काय आश्चर्य! दांडगोबा छळ सोडून झटकन थव्यात शिरला. फाटकीही शिरली. सातही मासे अंगाला अंग लावून शहाण्यासारखे पोहू लागले.

जुईनं वहीत लिहिलं : ‘दांडगोबा फाटकीला मारतो. साहेब आले, की थांबतो.’

मग तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल. संकेत हसेल. म्हणेल, अगं, खेल रहे हैं! मासे काय आपसात मारामारी करतात? आणि सगळे म्हणतात साहेब, तर साहेबच असणार. तिनं त्या ओळींवर काट मारली. इतकी गडद, की खालचं अक्षर दिसेना.

बुधवारी संकेतनं स्टुलावर फोन उभा करून दुपारभर चित्रण केलं. संध्याकाळी त्याची आरोळी अख्ख्या इमारतीनं ऐकली.

“पकडा गया! काका, बघा! पूर्वा, धावत ये!”

पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. पिसारेसाहेबांच्या तोंडातून हिरवी शेपटी बाहेर आली होती. एक झटका, आणि शेपटीही आत!

काकांनी ते तीनदा पाहिलं. मग चष्मा काढून पुसला. “बरं,” एवढंच म्हणाले.

गुरुवारी कपूरथला बाजारातले दातांचे डॉक्टर चतुर्वेदी मोठ्या खुशीत आले. त्यांच्या दवाखान्यात खाऱ्या पाण्याची नवी टाकी होती आणि त्यांना शोभेचा मासा हवाच होता. काकांनी स्वतः बादली धरली. साहेबांनी जाताना एकदा पिसारा पसरला. बादलीत तो मावला नाही.

काकूंनी मुलांना कुल्फी दिली. ऑफिसातून आलेल्या बाबांनी संकेतची पाठ थोपटली. “शाब्बास रे डिटेक्टिव्ह! शेवटी गुन्हेगार सापडलाच!”

जुईची कुल्फी हातात वितळत राहिली.

राहिले सहा. आता ते निर्धास्त राहतील, असं सगळ्यांना वाटलं. ते निर्धास्त झालेही. थवा मोडला! प्रत्येकानं खडकाचा एकेक कोपरा धरला आणि कुणी जवळ आलं, की दुसरा अंगावर धावू लागला. पुढच्या मंगळवारी पाच. गुरुवारी चार. शुक्रवारी सकाळी काकांनी जाळीनं एक मेलेला मासा बाहेर काढला. त्याची शेपटी झालर झाली होती.

“तीन,” संकेत पुटपुटला. “पण चोराला तर आपण हाकललं!”

“तो व्हिडिओ दाखव,” जुई म्हणाली. “थांबव. इथे! शेपटी बघ.”

“फाटलीये. मग?”

“साहेब चावत नाहीत, संकेत. ते एका घोटात गिळतात. तूच तर काल वाचून दाखवलंस! मग ही शेपटी आधी कुणी फाडली?”

संकेतनं फोन डोळ्यांजवळ नेला.

“म्हणजे ती आधीच मेली होती?” पूर्वानं विचारलं.

“मेली होती किंवा मरायला टेकली होती. दांडगोबानं मारलं तिला. साहेब फेरी मारायचे, तेव्हा भीतीनं सगळे एकत्र यायचे. भांडायला सवडच मिळायची नाही. आता त्यांना कुणाची भीती नाही.”

“यार,” संकेत खाली बसला. “म्हणजे आपण एका निर्दोष माणसाला...”

“माशाला.”

“तेच ते! चला, उठा. डॉक्टरकडे!”

दवाखान्यात गर्दी होती. टाकी बाकाशेजारीच, झाकण बाजूला काढून ठेवलेली. आत पिसारेसाहेब एका कोपऱ्यात उभे होते. फिके पडलेले, पंखे मिटलेले. एक लहान मुलगा काचेवर टकटक करत होता आणि स्वागताला बसलेल्या चेतनादीदी टाकीत बिस्किटाचा चुरा टाकत होत्या.

“दीदी, वो बिस्किट नहीं खाता!” जुई कळवळून म्हणाली.

“नखरे हैं इसके. दो दिन में सीख जाएगा.”

डॉक्टर बाहेर आले. संकेतनं मासा परत मागितला. ते हसले. “अरे बेटा, मरीज़ इसी को देखने आते हैं! अब ये हमारा है.”

ते आत गेले. संकेतचा चेहरा पडला. पूर्वानं मात्र डोळे मिचकावले. “खोटं बोलायचं नाही. फक्त खरं, पण मोठ्यानं!”

आणि ती त्या मुलाच्या आईकडे वळली. “आंटी, बच्चे का हाथ पानी से दूर रखिए. इसकी पीठ के काँटों में ज़हर होता है.”

“ज़हर?”

“हाँ जी! चुभ जाए तो हाथ सूज जाता है. बहुत दर्द!” संकेतनं री ओढली. “और ढक्कन तो देखिए, खुला पड़ा है!”

“हे भगवान!” त्या बाईंनी मुलाला उचललंच. पाठोपाठ दोन आजोबा उठले. चेतनादीदींनी बिस्किटाचा पुडा टाकून हात ओढणीला पुसला. “डॉक्टर साहब! मैं इसे खाना नहीं डालूँगी, कहे देती हूँ!”

पाच मिनिटांत बाक रिकामा! डॉक्टर हातमोजे घालूनच धावत आले. “क्या हुआ? सब कहाँ गए?”

“सर, हम ले जाएँ?” पूर्वानं गोड आवाजात विचारलं.

“ले जाओ, अभी ले जाओ! मधुकर जी ने काँटे बताए थे, मैंने ही ध्यान नहीं दिया.”

काकांनी येऊन साहेबांना बादलीतून घरी नेलं, पण घाईनं टाकीत सोडलं नाही. तासभर बादलीत थेंब थेंब पाणी मिसळत ते बसून राहिले. मग साहेब टाकीत उतरले आणि थेट आपल्या कपारीत गेले. दोन दिवस काडीवरच्या कोळंबीकडे त्यांनी पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी झेप घालून घेतली. तोवर क्रोमिस दोनच उरले होते. एक दांडगोबा. दुसऱ्याला नावच ठेवलेलं नव्हतं.

रविवारी बाबांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. “खरी डिटेक्टिव्ह आमची जुई! शेपटीवरून गुन्हा उकलला!” काकूंनी तिच्या पानात श्रीखंडाचा दुसरा चमचा वाढला. संकेतनं टाळ्या वाजवल्या. तो मनापासून वाजवत होता.

“मला ते आधीच दिसलं होतं,” जुई म्हणाली. “तेव्हा सात होते. मी लिहिलं आणि खोडलं.”

“बघा, किती विनय!” बाबा हसले आणि सगळेच हसले. काका हसले नाहीत.

जेवणानंतर जुई खाली आली. काका टाकीसमोर बसले होते. त्यांनी आपली खुर्ची थोडी सरकवली, तशी ती शेजारच्या वेताच्या मोड्यावर बसली.

“का खोडलंस?”

“वाटलं, माझंच चुकत असेल.”

काकांनी काचेवरचा ठसा रुमालानं पुसला. “दोन वर्षं मी त्याला भरवलं,” मग ते म्हणाले. “माझ्या मनाला पटलं नव्हतं. तरी बादली मीच धरली. तू अकरा वर्षांची आहेस. मी एकाहत्तर.”

जुईला रडू आलं, पण ती रडली नाही. “संकेत म्हणतो, आणखी सात आणू या.”

“नको. पुन्हा तेच होईल.”

साहेब कपारीतून निघाले आणि सावकाश फेरीला लागले. वरच्या बाजूला ते दोन मासे एकमेकांच्या जवळ आले, अंगाला अंग लावून.

“काका, दोघांचा थवा होतो का हो?”

“नाही होत,” काका म्हणाले.